ओव्हन लावले की जाणारा जनरेटर

पहिल्या वेळी तो स्नॅग, म्हणजे पायलटने नोंदवलेला बिघाड, मीच क्लिअर केला होता. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचे अकरा दिवस जे काही झालं त्याची सुरुवात माझ्या सहीने झाली.

मी बी-टू लायसन्सवाली इंजिनिअर. म्हणजे विमानाची वीज, वायरिंग, रेडिओ, उपकरणं या बाजूची. मुंबईला लाइन मेंटेनन्सला आहे, बहुतेक रात्रपाळी. दिवसभर उडून आलेली विमानं रात्री साडेअकरा-बाराला बे वर लागतात आणि पहाटे पाच-साडेपाचला पुन्हा प्रवासी घ्यायला तयार लागतात. मधल्या पाच तासांत जे काय करायचं ते करायचं. जुलैचा महिना होता, पाऊस लागून राहिलेला.

त्या दिवशी सकाळी दिल्लीला गेलेल्या एअरबसच्या एका ए३२० विमानाच्या टेक लॉगमध्ये कॅप्टनने लिहिलं होतं: क्लाइंबमध्ये 'एलेक जेन टू फॉल्ट' (जनरेटर दोनमध्ये दोष) आला, एकदा रिसेट केला, उरलेलं उड्डाण नीट झालं. असे स्नॅग येतात. ओव्हरहेड पॅनेलवरचं जनरेटरचं बटण ऑफ करायचं, पुन्हा ऑन करायचं. जनरेटर परत लाइनवर आला तर पायलट पुढे जातो आणि उतरल्यावर लिहून ठेवतो. मी कॉकपिटमध्ये बसून एमसीडीयूवरून (कीपॅडवाल्या स्क्रीनवरून) जीसीयूची, म्हणजे जनरेटर कंट्रोल युनिटची, टेस्ट घेतली. पास. वायरिंगचे जे कनेक्टर सहज दिसतात ते पाहिले, आयडीजीच्या (इंजिनावरच्या जनरेटरच्या) तेलाची पातळी पाहिली, हिरव्या पट्ट्यात. लिहिलं, 'टेस्ट सॅटिसफॅक्टरी', सही केली, पुढच्या विमानाकडे गेले.

इथे थोडं थांबून हा जनरेटर म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

जुन्या सायकलीचा डायनॅमो आठवा. उतारावर दिवा भगभगतो, चढावर पाय मंदावले की दिवाही मंद. विमानाचं इंजिनही कधी आयडलला, कधी टेकऑफच्या पूर्ण ताकदीवर. पण विमानातल्या उपकरणांना वीज हवी असते ठरावीक: ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ, तीन फेज. घरात आपल्याकडे ५० हर्ट्झ असते. विमानात ४०० ठेवली की ट्रान्सफॉर्मर आणि मोटरी लहान व हलक्या होतात. म्हणून इंजिन आणि जनरेटर यांच्यामध्ये तेलाच्या दाबावर चालणारी एक यंत्रणा बसवलेली असते. इंजिन कितीही वेगाने फिरो, ती जनरेटरला एकाच वेगाने फिरवते. ही यंत्रणा आणि जनरेटर मिळून एकच डबा, त्याला आयडीजी म्हणतात. ए३२० च्या प्रत्येक इंजिनावर एक, प्रत्येकी ९० केव्हीए. शेपटीतल्या एपीयूचाही (छोट्या जादा इंजिनाचाही) एक तेवढाच जनरेटर. तिन्हीतला कुठलाही एक जवळजवळ सगळं विमान सांभाळू शकतो. (बोइंगच्या नव्या ७८७ मध्ये हा वेग सांभाळणारा भागच काढून टाकलाय, तिथे वारंवारता बदलती ठेवतात. पण आमचं विमान जुन्या पद्धतीचं.)

आयडीजीच्या आत तीन जनरेटर एकामागे एक असतात. आधी कायमच्या चुंबकाचा छोटा जनरेटर, पीएमजी. त्याची वीज जाते विमानाच्या पोटात, अ‍ॅव्हिऑनिक्स बे मधल्या जीसीयूकडे. जीसीयू म्हणजे त्या जनरेटरचा मेंदू. तो बघतो व्होल्टेज किती आहे, आणि तेवढ्या मापाने करंट परत आयडीजीकडे पाठवतो, एक्सायटरच्या फील्डला. त्या फील्डमुळे एक्सायटरमध्ये वीज तयार होते, फिरत्या डायोडांतून ती डीसी होते, आणि मुख्य रोटरचं चुंबक जागं होतं. लोड वाढला की व्होल्टेज पडायला लागतं, मग जीसीयू फील्डचा करंट वाढवतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. मला ती माहीत होती, अभ्यासाला होती, लायसन्सच्या परीक्षेत लिहिलीही होती, तरी त्या अकरा दिवसांत नऊ दिवस मला ती सुचली नाही.

तिसऱ्या दिवशी तोच स्नॅग पुन्हा आला. हैदराबादचं उड्डाण. या वेळी मी जीसीयू एक आणि दोनची अदलाबदल केली. दोन्ही एकाच पार्ट नंबरचे, त्यामुळे ही चाल आम्ही नेहमी खेळतो: डबा बदलून दोष त्याच्याबरोबर जनरेटर एककडे सरकला तर डबा खराब, जनरेटर दोनवरच राहिला तर डबा निर्दोष. चौथ्या दिवशी कोलकत्याला जाताना जनरेटर दोनच गेला, आणि रिसेट केला तर काही सेकंदांत परत गेला. म्हणजे जीसीयू निर्दोष सुटला.

विमान कोलकत्याहून एमईएलवर परत आलं. एमईएल म्हणजे काय काय बंद असताना विमान उडू शकतं आणि कुठल्या अटींवर, याची मंजूर यादी. मुख्य जनरेटर बंद असेल तर एपीयू संपूर्ण उड्डाणभर चालू ठेवून त्याचा जनरेटर वापरायचा. कायदेशीर आहे, रोज कुठे ना कुठे होतं. पण मला त्या दोन दिवसांत नीट झोप लागली नाही.

कारण एक घटना माझ्या डोक्यात पक्की बसलेली आहे. १५ सप्टेंबर २००६ ला एक ए३१९ स्पेनमधल्या अलिकान्तेहून ब्रिटनमधल्या ब्रिस्टलला निघालं. आदल्या उड्डाणात त्याचा जनरेटर एक गेला होता, म्हणून एमईएलनुसार एपीयूचा जनरेटर लावून निघालं. फ्रान्समध्ये नांतच्या दक्षिणेला, ३२,००० फुटांवर, डाव्या बाजूची वीज तुटली. कॅप्टनचे स्क्रीन काळे, बरीचशी उपकरणं बंद, रेडिओ सगळे गेले. वीज दुसऱ्या बाजूने घेण्याचा प्रयत्न केला, जमलं नाही. कंट्रोलरशी एक शब्द बोलता येईना, आणि वाटेत दुसऱ्या विमानाच्या धोकादायक अंतरात गेलं. शेवटी ब्रिस्टलला सुखरूप उतरलं. ब्रिटिश तपास संस्थेच्या अहवालात कारण म्हणून नोंदलंय: जीसीयूमधला येणारा-जाणारा दोष. आणि हेही, की तोच दोष पुन्हा पुन्हा आल्याने वारंवार काढली जाणारी युनिट्स ओळखण्याची व्यवस्था अपुरी होती.

आमच्या कॅटेगरीतल्या प्रत्येकाने तो अहवाल वाचावा असं मला मनापासून वाटतं. दुसऱ्या कशासाठी नाही, फक्त 'नो फॉल्ट फाउंड' हे तीन शब्द लिहिताना हात जरा थांबावा म्हणून.

सहाव्या रात्री आयडीजी बदलायचं ठरलं. हे काम बी-वनवाल्यांचं, म्हणजे इंजिन आणि यांत्रिक बाजूवाल्यांचं, पण कनेक्टर आणि टेस्ट माझ्याकडे, म्हणून मी पूर्ण वेळ तिथेच. साठेक किलोचा तो डबा इंजिनाच्या गिअरबॉक्सवर एका मोठ्या कड्याने धरलेला असतो. कडं सैल करून, होइस्टवर तोलून, गोल फिरवत बाहेर काढायचा. तेलाचा दाब आधी सोडावा लागतो, नाहीतर गरम तेल अंगावर. नवा बसवला, तेल दाबाने भरलं, जास्तीचं तेल ओव्हरफ्लोमधून गळून जाईपर्यंत थांबलो. तेल कमी असणं जेवढं वाईट तेवढंच जास्त असणंही. जास्त तेल घुसळून फेस होतो आणि डबा तापतो. तेलाचं तापमान १८५ अंशांवर गेलं की कॉकपिटमध्ये दोष दाखवतं, मग पायलटला आयडीजी इंजिनापासून कायमचा तोडावा लागतो, आणि तो परत जोडता येतो तो फक्त जमिनीवर, इंजिन बंद असताना.

इंजिन चालवलं. कॉकपिटमधल्या इकॅम स्क्रीनच्या एलेक (विजेच्या) पानावर सगळं हिरवं: ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ. पहाटे विमान सोडलं. मी घरी जाऊन गाढ झोपले.

नवव्या दिवशी पुन्हा दिल्ली, पुन्हा क्लाइंब, पुन्हा जनरेटर दोन.

बाबांचं इचलकरंजीला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. यंत्रमागाच्या मोटरी, शेतीपंपाच्या मोटरी. लहानपणी शाळेतून आले की मी दुकानात बसायची, वार्निशचा आणि जळक्या तांब्याचा वास अजून नाकात आहे. लोक मोटर आणून टाकायचे, "जळाली, वायंडिंग करून द्या." बाबा आधी मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावायचे, मग टर्मिनल बॉक्सचं झाकण उघडायचे आणि लगवर (तारेच्या टोकाच्या कडीवर) बोट ठेवून हलवायचे. कितीतरी वेळा मोटरीला काही झालेलंच नसायचं, लग सैल असायचा. गिऱ्हाईक पैसे द्यायला लागलं तर लग आवळल्याचे दहा-वीस रुपये घ्यायचे. मी त्या रात्री ड्यूटीला निघताना बाबांना फोन केला, असाच, जेवलात का विचारायला. बोलता बोलता सांगितलं की जनरेटर बदलला तरी जातोय. ते म्हणाले, "लोड आल्यावर जातोय का रिकामा असताना?"

मला उत्तर देता आलं नाही.

ड्यूटीवर पोहोचल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे त्या विमानाचे पहिल्या स्नॅगपासूनचे सगळे पोस्ट फ्लाइट रिपोर्ट (पीएफआर) काढले. पीएफआरवर प्रत्येक दोषापुढे उड्डाणाची फेज असते आणि वेळ असते. फेज म्हणून चारही वेळा ०६ लिहिलेलं. आता फेज सहा म्हणजे टेकऑफनंतर १,५०० फुटांपासून उतरताना ८०० फुटांपर्यंत सगळं, म्हणजे जवळपास पूर्ण उड्डाण. आम्ही सगळेच इतके दिवस ते ०६ बघत होतो आणि 'हवेत जातोय' एवढंच त्यातून घेत होतो. वेळेकडे कोणी पाहिलं नव्हतं, कारण ती जीएमटीत असते आणि घाईत कोण साडेपाच तास मिळवत बसणार.

मी मिळवत बसले. कागदावर रेघ ओढून एका बाजूला टेकऑफची वेळ, दुसऱ्या बाजूला दोषाची. २४ मिनिटं. ३१ मिनिटं. २७ मिनिटं. २९ मिनिटं.

मग त्याच दिवसांतली बाकीची उड्डाणं लिहिली, ज्यांत काहीच झालं नव्हतं. गोवा, अहमदाबाद, इंदूर, परत गोवा, परत अहमदाबाद. दोष आलेली सगळी उड्डाणं लांबची, सकाळची. मला आधी वाटलं उंचीचा प्रश्न असेल, लांबच्या उड्डाणात विमान जास्त वर जातं, हवेचा दाब कमी, थंडी जास्त. पण मुंबई-इंदूरलाही विमान चांगलं वर जातं. मग लांबच्या आणि सकाळच्या उड्डाणात वेगळं काय होतं?

नवव्या दिवशीच्या कॅप्टनचा नंबर ऑपरेशन्सकडून घेतला. रात्रीचे साडेदहा झाले होते, माफी मागूनच बोलले. त्यांनी शांतपणे सगळं आठवून सांगितलं. हवामान कसं होतं, अँटी-आइस चालू होतं का, उंची किती. मी विचारलं, "सर, त्या वेळी केबिनमध्ये काय चाललं होतं?"

"काय चालणार? सीट बेल्टचा दिवा बंद करून पाचेक मिनिटं झाली होती. ब्रेकफास्टची तयारी."

ओव्हन. गोव्याच्या उड्डाणात गरम जेवण नसतं. दिल्लीला, कोलकत्याला, सकाळच्या हैदराबादला असतं. सीट बेल्टचा दिवा विझला की केबिन क्रू एकदम सगळे ओव्हन लावतात, आणि अन्न गरम व्हायला वीसेक मिनिटं लागतात. जनरेटरवरचा लोड भसकन वाढतो. लोड वाढला की जीसीयू फील्डचा करंट वाढवतो. फील्डच्या वाटेवर कुठेतरी एखादा सांधा अर्धवट धरलेला असेल, तर हलक्या लोडला तो निभावून नेतो. जास्त करंट मागितला की तिथे व्होल्टेज खातो, तापतो, आणखी खातो. व्होल्टेज पडतं, जीसीयू काही सेकंद वाट बघतो आणि लाइन तोडतो. लाइन तुटली की लोड गेला, ओव्हन बंद, सांधा थंड. पायलट रिसेट करतो तोपर्यंत सगळं छान.

आणि आम्ही जमिनीवर ओव्हन बंद ठेवून टेस्ट घेत होतो. आयडीजी बदलल्यावर इंजिन चालवलं तेव्हाही केबिनमध्ये एक दिवासुद्धा नव्हता.

आमचे शिफ्ट इन-चार्ज हवाई दलातून आलेले, सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांच्यासमोर कागद ठेवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला, मग म्हणाले, "तुला काय पाहिजे सांग."

"रन-अप, ओव्हनसकट. आणि त्यानंतर विमान हँगरमध्ये. सकाळच्या फ्लाइटला नाही जाणार हे."

मेंटेनन्स कंट्रोलला हे आवडणं शक्य नव्हतं. ६ वाजून १० मिनिटांचं उड्डाण, विमानं आधीच कमी, शिवाय एमईएलवर पाठवायला काही अडचण नव्हती. दादा पंधरा मिनिटं फोनवर होते. मला फक्त त्यांची बाजू ऐकू येत होती, आणि त्यात ते एकदाही आवाज न चढवता तेच वाक्य तीनदा म्हणाले: चौथी वेळ आहे. दुपारपर्यंत वेळ मिळाला.

एटीसीची परवानगी घेऊन रात्री सव्वा वाजता इंजिन चालू केलं. दादा डाव्या सीटवर, मी उजव्या, आमचा ट्रेनी मुलगा मागे गॅलीत. दोन्ही जनरेटर लाइनवर ठेवायचे होते. जमिनीवर एकाच इंजिनाच्या जनरेटरवर आणलं असतं तर विमान स्वतःच गॅलीची वीज तोडतं, मग टेस्टचा अर्थच उरला नसता. एलेक पान लावलं. जनरेटर दोन: ११५ व्होल्ट. यलो हायड्रॉलिकचा इलेक्ट्रिक पंप चालू केला, तो त्याच बाजूच्या बसवर (वीज वाटणाऱ्या मुख्य लाइनवर) असतो. इंधनाचे पंप. मग इंटरफोनवरून मागे सांगितलं, "सगळे ओव्हन, सगळे बॉयलर, फुल."

लोडचे टक्के चढले. व्होल्ट ११५ वरच. एक मिनिट. तीन मिनिटं. पाऊस काचेवर आडवा येत होता. सहाव्या मिनिटाला आकडा ११४ झाला, परत ११५. मग ११३. मी काही बोलले नाही, बोट दाखवलं. ११२, ११४, ११०, आणि एकदम १०८, अंबर. ११० च्या खाली आकडा अंबर होतो. मग मास्टर कॉशनचा तो एक टण्ण आवाज आला आणि जनरेटर दोन गेला.

इतक्या वर्षांत दोष आल्यावर मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

तीन वाजता विमान हँगरमध्ये. बॅटरी बंद, सर्किट ब्रेकर ओढून त्यांना कॉलर, पॅनेलवर टॅग. फॅन काउल (इंजिनाची बाहेरची झाकणं) उघडून टेकू लावले. मी पोटाखालच्या दारातून अ‍ॅव्हिऑनिक्स बे मध्ये चढले. तिथे नीट उभं राहता येत नाही, गुडघ्यावर बसायचं, आणि जुलैत तिथली हवा भाकरीच्या तव्याजवळ बसल्यासारखी. जीसीयू दोन रॅकमधून बाहेर काढला. रॅकच्या मागच्या कनेक्टरमध्ये, वायरिंग मॅन्युअल बघून, एक्सायटर फील्डच्या दोन तारांच्या जागा शोधल्या आणि त्यांत टेस्ट लीड लावल्या. इथे नेहमीचं मल्टिमीटरचं टोक कधीही खुपसायचं नाही. जाड टोकाने सॉकेट फाकतं आणि एक दोष शोधताना आपणच दुसरा पेरून ठेवतो. बरोबर मापाची पिन लावलेली लीडच वापरायची.

मीटरवर आलेला रेझिस्टन्स मॅन्युअलच्या मर्यादेत. स्थिर. थंड तार, करंट नाही, काहीच दाखवणार नव्हती. मीटर मिन-मॅक्सवर टाकलं. ट्रेनी मुलगा वॉकी-टॉकी घेऊन इंजिनाजवळच्या प्लॅटफॉर्मवर. सांगलीचा आहे, हात हलका आहे, त्याला म्हटलं होतं, "ओढायचं नाही. दोन बोटांत धरून हलवायचं, इंचाइंचाने. काय करतोयस ते बोलत राहा."

"आयडीजीचा कनेक्टर, मॅडम. हलवतोय."

काही नाही.

"पहिला क्लॅम्प. वर जातोय. दुसरा क्लॅम्प."

काही नाही. तार एका ठिकाणी ब्रॅकेटला घासत असेल असा माझा अंदाज होता, इन्सुलेशन घासून तार उघडी पडलेली मी आधी पाहिली आहे. पण तिसऱ्या, चौथ्या क्लॅम्पलाही आकडा हलला नाही. साडेचार वाजत आले होते. खालून वर असं अर्धं हार्नेस (तारांचा जुडगा) संपलं.

"मॅडम, पायलॉनच्या तोंडाशी आलो. इथे मोठा गोल कनेक्टर आहे. धरू?"

"धर. मागच्या बाजूने, बॅकशेलजवळ."

आकडा दुप्पट झाला. परत मूळ जागी. परत वर, आणि मग मीटरने सरळ ओपन दाखवलं.

"उडी मारली! थांब, हात काढू नकोस, तसाच थांब!"

मी इतक्या जोरात ओरडले की वॉकी-टॉकीची गरजच नव्हती.

इंजिनावरचं हार्नेस जिथे पायलॉनमधल्या (इंजिन पंखाला धरून ठेवणाऱ्या भागातल्या) विमानाच्या वायरिंगला मिळतं, तिथला तो कनेक्टर. आयडीजी बदलताना खालचा कनेक्टर उघडतो, हा उघडायची गरज पडत नाही. जीसीयू बदलताना तर याचा संबंधच येत नाही. आम्ही दोन्ही टोकं बदलली होती आणि हा मध्ये होता तसाच होता.

उघडला. टॉर्च आणि भिंग. डझनावारी सॉकेट, सगळी सोनेरी, आणि त्यात एकाचं तोंड चहाच्या डागासारखं तपकिरी. समोरच्या पिनेवर एका बाजूला काळपट रेघ, सोन्याचा मुलामा तिथे उरलाच नव्हता. सॉकेटच्या आत बारीक पाकळ्या असतात, त्या पिनेला चिमटीसारख्या धरतात. पाकळ्या सैलावल्या की पिन नुसती टेकून राहते. ते तपासायला ठरावीक वजनाची एक टेस्ट पिन असते. सॉकेटमध्ये घालायची, तोंड खाली करायचं. पकड असेल तर पिन स्वतःच्या वजनाने पडत नाही. शेजारच्या सॉकेटमध्ये घातली, घट्ट लटकून राहिली. त्या तपकिरी सॉकेटमध्ये घातली, कनेक्टर उलटा केला. पिन अलगद घसरली आणि माझ्या तळहातावर पडली.

दादा प्लॅटफॉर्मवर चढून आले होते. त्यांनी ती पिन माझ्या हातातून घेतली, स्वतः पुन्हा घालून पाहिली. पुन्हा पडली. "हं," एवढंच म्हणाले.

दुरुस्तीचं काम तसं छोटं. एक्स्ट्रॅक्शन टूलने सॉकेट मागे काढलं, तापलेलं टोक कापलं, सुदैवाने तारेत पुरेसा ढिलावा होता. इन्सुलेशन सोलताना एकही तंतू तुटला नाही ना ते भिंगाखाली मोजून पाहिलं. नवं सॉकेट, चार बाजूंनी दाब देणाऱ्या क्रिम्परने आवळलं, बाजूच्या बारीक भोकातून तांबं दिसतंय याची खात्री केली. टिक् आवाज येईपर्यंत आत बसवलं, मागून हलकंच ओढून पाहिलं. समोरची पिनही बदलली. उरलेल्या प्रत्येक सॉकेटला टेस्ट पिन लावली. यालाच जास्त वेळ गेला.

काउल बंद केल्यावर मी आणि तो मुलगा दोघंही टॉर्च घेऊन जमिनीवर आडवे झालो आणि खालचे लॅच एकेक करून, हात लावून पाहिले. ए३२० च्या काउलचे लॅच इंजिनाच्या पोटाखाली असतात, उभ्याने दिसत नाहीत. २४ मे २०१३ ला हीथ्रोवरून निघालेल्या एका ए३१९ ची दोन्ही इंजिनांची काउल टेकऑफला उडून गेली होती, कारण लॅच लावायचे राहिले होते. रात्रभर जागून शेवटच्या पाच मिनिटांत चूक होते, म्हणून आम्ही दोघं बघतो.

सकाळी साडेनऊला पुन्हा रन-अप. तेच पंप, तेच ओव्हन, तेच बॉयलर. या वेळी वीस मिनिटं. ११५, ११५, ११५. तेलाचं तापमान ठीक, लोड रात्रीएवढाच. मुलगा गॅलीतून म्हणाला, "मॅडम, रिकामे ओव्हन लाल व्हायला आले, बंद करू का?" तेव्हा कुठे माझं लक्ष आकड्यावरून हटलं.

टेक लॉगमध्ये मी सहसा चार ओळी लिहिते, त्या दिवशी पानभर लिहिलं. कुठला कनेक्टर, कुठलं सॉकेट, लोड किती असताना दोष आला, टेस्ट कशी घेतली. विमान सोडायच्या रिलीजवर सही केली. दुपारी विमान दिल्लीला गेलं, गरम जेवणासकट. त्या कॅप्टनना मेसेज केला, त्यांनी फक्त नमस्काराचा हात पाठवला.

काढलेला आयडीजी वर्कशॉपला गेला होता. दीड महिन्याने रिपोर्ट आला: दोष आढळला नाही. आढळणार नव्हताच. तो निरोगी डबा आम्ही काढून पाठवला होता, त्याच्या प्रवासाचा, टेस्टचा, आणि त्या दिवसांत एपीयूने जाळलेल्या इंधनाचा खर्च तर झालाच. मला त्या खर्चापेक्षा ती एमईएलवरची उड्डाणं जास्त लागून राहिली आहेत. लोक बसले होते त्यात.

त्यानंतर दादांनी टेक्निकल सर्व्हिसेसला लिहिलं आणि आम्हाला आमच्या बेसवर रात्री थांबणाऱ्या त्याच वयाच्या विमानांचे पायलॉन कनेक्टर, संधी मिळेल तसे, तपासायची परवानगी मिळाली. महिनाभर रात्री एकेक विमान. पहिल्या तिन्हींत सगळं ठाकठीक. चौथ्याचा डाव्या इंजिनाचा कनेक्टर मी त्या सांगलीच्या मुलालाच उघडायला दिला. त्याने टेस्ट पिन घातली, कनेक्टर उलटा केला, आणि माझ्याकडे न बघताच तळहात खाली धरला. पिन पडली.

त्या विमानाच्या लॉगमध्ये जनरेटरचा एकही स्नॅग नव्हता. सॉकेट बदलायला आम्हाला दीड तास लागला.